हवेत थांबलेला चेंडू

पुढचं दिसतं म्हणणाऱ्या ब्रदर एल्डनबाबाने डोळे मिटले आणि ऑर्व्हिलच्या बारमधल्या लोकांनी मक्याच्या लाह्या चावणंही थांबवलं. आमच्या इंडियानात चर्चमध्येसुद्धा एवढी शांतता नसते! कॉलेजचा बास्केटबॉल सामना सुरू होत होता. पहिला बास्केट कोण करणार, यावर पडद्यावर चेंडू जाळीत पडेपर्यंत पैजा घ्यायच्या, ही आमच्या बारची जुनी रीत.

एल्डनचा एक हात कुठल्याशा जुन्या जिंकलेल्या सामन्यातल्या चेंडूवर, दुसरा कानातल्या श्रवणयंत्रावर. टीव्हीचा आवाज बंद, कारण आत्म्याला गोंगाट खपत नाही म्हणे. पडद्यावर पंचाने चेंडू वर उडवून खेळ सुरू केला की तो थरथरत खर्जात बोलायचा, "पाहुणा संघ... डावीकडून... लांबून!" जरा वेळाने पडद्यावर तस्संच घडायचं. चांगली धट्टीकट्टी माणसं टोप्या काढून उभी राहायची, आणि पैजेच्या नोटा एल्डनच्या टोपीत जायच्या.

त्या शनिवारी ड्वेन ट्रकची किल्ली घेऊन आला. ट्रक द्यायचा आणि एल्डनच्या कमाईत निम्मी भागी घ्यायची, असं ठरलं होतं. हिवाळाभर त्याच ट्रकने रस्त्यांवरचं बर्फ हटवून तो घर चालवायचा. हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवणारी त्याची बहीण व्हर्ना मागोमाग आली.

"गाढवा, पोरांना काय चेंडू खायला घालणार आहेस?"

"ताई, हा माणूस आजवर एकदाही चुकलेला नाही!"

"मग चेंडू उडायच्या आधी का सांगत नाही?"

एल्डन गोड हसला. "बाईसाहेब, चेंडू वर जातो तेव्हाच स्वर्गाचं दार किलकिलं होतं."

"असं? आणि त्या दारातलं कानात यंत्र लावूनच ऐकावं लागतं वाटतं!"

एल्डनने डोळे मिटले. चेंडू उडाला. व्हर्नाने काउंटरवरचा रिमोट उचलून चित्र थांबवलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

पडद्यावर चेंडू पंचाच्या डोक्यावर लटकलेला. इकडे एल्डन ओरडला, "आपले! आपला चौदा नंबर!" कुणी काही बोलेना. भक्तांचा कंठ दाटून आला असं समजून तो आणखी रंगात आला. "पाहुण्यांचा फाउल... पहिला फ्री थ्रो हुकला... आपल्या कोचने टाइमआउट घेतला!"

ऑर्व्हिलला हसू आवरेना. एल्डनने डोळे उघडले. पडद्यावर अजून कुणी चेंडूला हातही लावला नव्हता.

व्हर्नाने त्याच्या कानातलं यंत्र काढून रिकाम्या ग्लासात टाकलं. श्रवणयंत्र कसलं, इयरफोनच तो! आम्ही ग्लासाला कान लावले. आत गावच्या रेडिओचा समालोचक टायरची जाहिरात वाचत होता.

"रेडिओ थेट बोलतो, टीव्हीवरचं चित्र उशिरा पोचतं," व्हर्ना म्हणाली. "झाला तुमचा साक्षात्कार."

आता यात नवं काय होतं? रेडिओ पुढे पळतो, सामन्याची मजा घालवतो, म्हणून तर ऑर्व्हिलने बारमध्ये तो कधीचाच बंद केला होता! आम्हाला सगळं ठाऊक होतं. अक्कलही होती, फक्त ती टोपीबरोबर काढून ठेवली होती.

एल्डन मागच्या दाराने सटकला. ड्वेन किल्ली चाचपत हळूच म्हणाला, "ताई, असलं यंत्र मिळतं कुठे गं?"

सगळा बार हसला. व्हर्ना मात्र हसली नाही.

"यंत्र नको, विचारायला शीक," ती म्हणाली. "पुढचं दिसतं म्हणणाऱ्याला खेळ सुरू व्हायच्या आधी बोलायला लाव. नाही बोलला, तर किल्ली खिशातून काढू नकोस."