खोकल्याचं तिकीट

मी एक जुनं टपाल तिकीट आहे, मित्रांनो. पण तुम्ही मला इतकं जवळून का न्याहाळताय, ते आधी सांगा. माझा स्वभावच संशयी. अंगावर फुफ्फुसांचं चित्र आणि खाली ‘दोन आठवडे खोकला? तपासून घ्या!’ असं छापल्यावर दुसरं काय होणार?

छापखान्यातून आम्ही पानभर भावंडं पोस्टात आलो. तिथे आम्हाला कुत्रं विचारेना. लोक फुलांची तिकिटं मागायचे. एके दिवशी एक बाई आली. कारकुनाने फुलांचं पान पुढे केलं, तर म्हणाली, “हे नको, ते खोकल्याचं द्या.” मला लगेच शंका आली. चिकटवण्यासाठी तिने मला जीभ लावली, तर जीभ कोरडीठाक. ही कशाला घाबरलीय, ते मला कळेना.

मग शिक्का मारून पोस्टाने माझं तोंड काळं केलं, तेही काही गुन्हा नसताना. पाकीट पोहोचलं तिच्या वडिलांकडे. ते शिंपी. मशीनवर वाकून सारखे खोकायचे आणि दोष द्यायचे कापडाच्या धुरळ्याला. डॉक्टरचं नाव काढलं की घर डोक्यावर घ्यायचे. पत्रात खोकल्याचा चकार शब्द नव्हता, पण मला बघूनच त्यांचा पारा चढला.

“बघितलंस? बापाला टोमणा मारतेय तुझी लेक!”

“अहो, पोस्टात मिळालं ते लावलं असेल,” बायको म्हणाली. “तुम्हाला जिथे तिथे संशय.”

“मुद्दाम लावलंय! थांब, तपासूनच येतो. काही निघालं नाही की कळवतो तिला, तुझा बाप ठणठणीत आहे म्हणून!”

तावातावाने गेले आणि परतले ते गोळ्यांची पुडी घेऊन. क्षय निघाला होता. वेळेवर आलात म्हणून वाचाल, असं डॉक्टरांनी सांगितलं. नाक मुरडत का होईना, कित्येक महिने त्यांनी न चुकता गोळ्या घेतल्या आणि ते बरे झाले.

मला त्यांनी पाण्यात भिजवून सोडवलं आणि मशीनच्या फळीवर चिकटवलं. लेक माहेरी आली तेव्हा चष्म्यावरून बघत विचारलं, “मुद्दाम लावलं होतंस ना?”

“छे हो बाबा! दुसरं नव्हतंच पोस्टात.”

ते हसले. विश्वास मुळीच बसला नव्हता. खरं काय ते मला ठाऊक आहे, पण मी कशाला बोलू?

आता माझा रंग उडालाय, चिंध्यांखाली दिवस काढतोय. एवढंच मागणं आहे, मित्रांनो. घरच्या माणसांवर संशय घेऊ नका. घ्यायचाच असेल तर खोकल्यावर घ्या.

थांबा. आत्ता कोण खोकलं?