बावीस हजार बायांची फाईल

निपाणीच्या विडी कामगार बायांची ओळखपत्रं निघायची होती. कार्ड असेल तिलाच नव्या दवाखान्यात औषध. साल अठ्ठ्याऐंशी. बावीस हजार चारशे नावं कारखान्यांच्या कारकुनांनी टाईप करून फ्लॉप्यांवर पाठवलेली. एका ओळीत एक बाई, नाव-वय-गाव यांच्यामध्ये कॉमा. ती ओळ फोडून कार्डं छापायचं काम बेळगावात, टिळकवाडीतल्या मारुतीरावांच्या कॉम्प्युटर सेंटरात आलं आणि तिथं काम करणाऱ्या भीमसेनच्या गळ्यात पडलं. त्याची आई तानीबाई निपाणीतच विड्या वळायची.

फाईल फोडायला तयार लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेले प्रोग्राम, दोन. एक परदेशी, जाडजूड पुस्तकासकट. अवतरणचिन्हांतला मजकूर, आत कॉमा असला तरी, अखंड जपणारी. दुसरी साधी, चार पानांची. कॉमा दिसला की तोडायचं, एवढंच तिला ठावं.

"हीच घे रं, हुशार हाय," मारुतीरावांनी जाड पुस्तक थोपटलं.

पाऊण तासात काम फत्ते! मारुतीराव पेढे सांगणार, तोच पडद्यावर आकडा आला: अकरा हजार दोनशे बारा. निम्म्या बाया गायब. भीमसेननं आईचं नाव शोधलं. न्हाय.

"कारकुनांनी बोगस नावं कोंबली असतील. निघाली तेवढी छाप, सोमवारी वाटप हाय," मारुतीराव म्हणाले.

"आण्णा, माझी आई बोगस व्हय?"

मारुतीरावांनी छापायचे कागद परत कपाटात ठेवले.

भीमसेननं मूळ फाईल कागदावर उतरवून घेतली. आई होती की! पण गावाच्या जागी नुसत्या दोन बारक्या रेघा. तिच्या वरच्या बाईलाही रेघाच. कारकुनांची वहीतली खोड! गाव एकदा लिहायचं आणि खाली 'वरच्यासारखंच' म्हणून रेघा ओढायच्या. हुशार लायब्ररीला वाटलं, अवतरणचिन्ह उघडलं. मग पुढच्या रेघा भेटेपर्यंत सगळं एकाच तोंडात. दर दोन बायांतली एक गिळलेली.

भीमसेनला हसू फुटलं. "आण्णा, भजनात बुवांनी चरण म्हटला की टाळकरी तोच धरतात न्हवं? तसल्याच ह्या रेघा. हिला बाजूला ठेवूया, साधीच लावूया."

"आन् गाव?"

"वरच्या ओळीतलं खाली धरायचं. तेवढं मी लिवतो."

साधी लायब्ररी आणि भीमसेनची जोडणी, दोघं मिळून दुपारभर कुरकुरत राहिली. मारुतीराव खुर्ची ओढून आकडाच बघत बसले, हात जोडून. एकवीस हजार... बावीस... चारशेवर येऊन मशीन थांबलं. एक कमी न्हाय, एक जास्त न्हाय.

"पांडुरंग हरी!" मारुतीराव ओरडले आणि भीमसेनच्या पाठीत असा धपका घातला की त्याचा चष्मा टेबलावर.

सोमवारी निपाणीत रांग दवाखान्यापासून पार वेशीपर्यंत गेलेली. निम्म्या बायांची नावं गळाल्याची आवईही तिथंवर पोचलेली. पहिल्या घोळक्यात तानीबाईला कार्ड मिळालं. तिनं ते कपाळाला लावलं, मग वर धरून मागं वळली.

"भिऊ नगा गं! समद्यांची हायत, पुढं या!"