शेवटच्या पावसाची बाटली

प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये तिने भरलेली शेवटची बाटली होती. ती गेली, बाटली राहिली.

नवरा तपासायला नदीचं पाणी आणायचा, बायको गच्चीवर नरसाळं लावून पाऊस गोळा करायची. कारखान्यांच्या चिमण्यांतून, गाड्यांतून वर गेलेला धूर पावसात मिसळून खाली येतो आणि नदीचं पाणी बदलतो, ते ती मोजायची. "नुसती गटारं काय मोजतोस? तुझ्या नदीत माझं आभाळपण आहे," असं चिडवायची.

ती बाटली आता चष्मेवाला उघडणार होता. तिचा प्रयोगशाळेतल्या कामातला जोडीदार. गच्चीवर दोघं तासन्‌तास असायची. तिचं हसू खाली जिन्यापर्यंत यायचं आणि नवऱ्याच्या पोटात दुखायचं. आता शेवटचं झाकणही यानेच उघडायचं?

चष्मेवाला जेवायला गेला. नवऱ्याने फ्रिज उघडला, झाकण फिरवलं आणि आत बोट बुडवलं. आधी मी! मग सगळं होतं तसं ठेवून दिलं.

संध्याकाळी चष्मेवाला यंत्रासमोर चुकचुकला. "मीठ बघा केवढं! हातमोजा घातला नसणार. शेवटी शेवटी थकली होती बिचारी."

नवऱ्याला ते झोंबलं. घामट हाताने माझं आभाळ खारट करशील, म्हणून ती त्यालाही नरसाळ्याजवळ फिरकू देत नसे. गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? पण चूक तिच्या माथी बसली असती.

"ती थकली नव्हती," तो म्हणाला. "ते मीठ माझं आहे. मी बोट घातलं."

"अहो, पण का?"

"तू आधी उघडणार होतास म्हणून."

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला. "कमाल करता! मला तरी कुठे हात लावू द्यायची? मी नुसती बादली धरायचो." मग पडद्याकडे वळला. "मिठाचा आकडा बाद. धुराचे आकडे बोटाने फारसे बदलत नाहीत. ते नदीच्या हिशेबात घेतो."

"नाव?"

"तिचंच. शेरा लिहितो, मीठ नवऱ्याचं."

नवऱ्याला हसू आलं आणि डोळेही भरले. पण बादली धरायला चष्मेवाला होता, आपण नव्हतो, हे घरी पोचेपर्यंत टोचतच राहिलं.