पांढऱ्या झाकणाचा डबा

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हातानाका दारात येऊन उभे राहिले, तेव्हा किनुएला आधी दिसले ते त्यांचे कमरेपर्यंतचे रबरी बूट. धुतलेले, पुसलेले, लग्नाला निघाल्यासारखे. आत एकाहत्तर वर्षांचा माणूस होता, तो नंतर दिसला.

"ओकुसान," वहिनी म्हणावं तसं ते म्हणाले, "एक मागायचं होतं."

"मागा की. पण आत तरी या."

"नको, हे बूट काढायला घालायला अर्धा दिवस जातो." त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "दरवर्षी शोगोकडून तुमच्या हातचं आमिष न्यायचो मी. पांढऱ्या झाकणाचा डबा. यंदा तो नाही. पण त्याच्या घरचं आमिष तरी पाण्यात पडावं, असं वाटतं. द्याल?"

"देईन," किनुए म्हणाली, आणि दार लावून घेऊन तिथेच आतल्या पायरीवर बसली.

तिच्या नवऱ्याला, शोगोला, जाऊन चार महिने झाले होते. त्याच्या कपड्यांचं, औषधांचं, सायकलचं काय करायचं ते तिने ठरवलं होतं. पांढऱ्या झाकणाचा डबा तेवढा तिच्या ध्यानात नव्हता. म्हणजे होता, पण आता तो कोणी मागणार नाही असं तिने धरून ठेवलं होतं.

डबे दोन असत. निळ्या झाकणाचा शोगोचा, पांढऱ्या झाकणाचा हातानाकांचा. किनुएने वीस वर्षं सॅमन कापायच्या कारखान्यात काढलेली. तिच्या सुरीखाली सान्मा मासा असा कापला जायचा की पट्ट्या एकाच साच्यातून निघाल्यासारख्या. बोटभर लांब, करंगळीएवढ्या रुंद, कातडीसकट. मग मीठ, थोडी साखर, लाल रंग, लसणाची पूड आणि वाळवलेल्या कोळंबीची पूड. दोन दिवस मुरलं की निळा डबा तयार.

पांढऱ्या डब्यातल्या पट्ट्या ती आधी नळाखाली धरायची. मासा पांढराफटक होईपर्यंत, त्याचा वास पार वाहून जाईपर्यंत. मग मीठ आणि रंग. बाकी काही नाही. वरून पाहिलं तर दोन्ही डबे जुळे भाऊ.

हे सुरू झालं बावीस वर्षांपूर्वी. हातानाका तेव्हा नुकतेच पोस्टात बदली होऊन गावात आले होते. पहिल्याच हंगामात शोगोने त्यांना किनाऱ्यावर आपल्या शेजारची जागा दिली, आपल्याच डब्यातलं आमिष दिलं, आणि गळ टाकून उभ्या असलेल्या सगळ्या रांगेदेखत त्या नवख्या माणसाने सकाळभरात चार सॅमन ओढून काढले. शोगोला एक मिळाला. तोही नर, वाळका. रांगेतलं कोणीतरी म्हणालं, "शोगो, आता चेल्यालाच गुरू कर."

शोगो हसत घरी आला. हसतच जेवला. आणि भांडी घासणाऱ्या किनुएच्या पाठीमागून म्हणाला, "उद्यापासून त्या हातानाकाचं आमिष जरा धुऊन दे."

किनुएलाही हसू आलं होतं. आठवडाभराची थट्टा आहे, असं तिला वाटलं. नंतर ती थट्टा राहिली नाही आणि थांबलीही नाही. दर शरदात मीठ आणावं तसं तिने ते केलं. हातानाका डबा घ्यायला आले की विचारत, "शोगोचं ते हेच ना?" आणि ती म्हणायची, "दोन्ही एकाच भांड्यातलं हो."

नदीकडे परतणाऱ्या सॅमनला भूक नसते. पोट मिटलेलं असतं त्याचं. तोंड उघडतो तो रागाने, नाहीतर वासाने. हातानाकांकडे वास नव्हता, म्हणून त्यांनी रागाच्या मागे लागायचं ठरवलं. दर पगाराला नवं काहीतरी. गळाला लावायचे चंदेरी पत्रे, सोनेरी पत्रे, निळ्या पट्टीचे. गुलाबी रबरी ऑक्टोपस, लाल, हिरवे, अंधारात चमकणारे. पाण्यावर तरंगणारा लहान बोया, मोठा बोया. त्यांची पेटी तीन मजली झाली. आणि शेजारी उभा राहून शोगो, त्यांना लाडाने हाता म्हणत, सल्ले द्यायचा. "हाता, आज ऊन आहे, निळा लाव." "हाता, बोयाखाली दोरी वाढव, मासे खोल गेलेत." शोगोच्या स्वतःच्या गळाला बावीस वर्षं एकच गुलाबी ऑक्टोपस होता, त्याचेही निम्मे पाय माशांनी खाल्लेले. बोयाखाली दोरी हातभर. हातानाका ते बघायचे आणि म्हणायचे, "काय हात आहे या माणसाचा!"

हंगाम संपला की शोगो त्यांना दोन मासे द्यायचा. नर. अंड्यांनी भरलेल्या माद्या घरात राहायच्या. त्या दोन माशांच्या बदल्यात हातानाका डिसेंबरपासून मार्चपर्यंत त्यांच्या छपरावरचा बर्फ काढायचे. शोगोची कंबर नाजूक होती ना.

हातानाकांचा मुलगा कोहेई नऊ वर्षांचा असल्यापासून बापाबरोबर किनाऱ्यावर यायचा. बाराव्या वर्षी यायचा थांबला. "बाबांना काही लागत नाही, पोरं हसतात," असं त्याने किनुएलाच सांगितलं होतं, तिच्याच स्वयंपाकघरात, तिनेच केलेल्या भाताचा गोळा खात. आता तो साप्पोरोला असतो आणि नववर्षाला फोन करतो.

किनुएने त्या दुपारी सान्मा आणला, कापला. नळाकडे बघितलंसुद्धा नाही. लसूण घातला, कोळंबी घातली, आणि वर पांढरं झाकण लावलं. झालं. चूक निस्तरली, बोभाटा नाही. म्हाताऱ्याला एखादा मासा मिळेल, तो खूश होईल, आणि ही गोष्ट शोगोच्या राखेबरोबर थडग्यात राहील. तिला बरं वाटलं. इतकं बरं, की तिने स्वतःसाठी थोडी साके दारू गरम केली.

चौथ्या दिवशी सकाळी आठलाच हातानाका आले. बूट काढायला यावेळी त्यांना क्षणही लागला नाही. हातात सॅमन, मादी, पोट टम्म. तसेच आत गेले आणि शोगोच्या तसबिरीपुढे वर्तमानपत्र पसरून त्यांनी तो मासा ठेवला. घंटा वाजवली.

"तीन!" ते म्हणाले. "एका सकाळी तीन! ओकुसान, बोयासुद्धा बदलला नाही मी. टाकला की बुडाला. टाकला की बुडाला! रांगेतले सगळे बघत राहिले." आणि तसबिरीकडे वळून, नाक ओढत, "शोगो, तू आहेस रे. आपलं नशीब माझ्या गळाला बांधून गेलास."

"चहा टाकते," किनुए म्हणाली.

"कोहेईला आत्ताच फोन करतो. सांगतो त्याला, तुझ्या बापाला आयुष्यात काही जमलं नाही, पण मित्र असा मिळाला, की मेल्यावरही..."

"हातानाका-सान, फोन ठेवा."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. त्यांनी ठेवला.

ती उभ्यानेच बोलली. धुणं, लसूण, कोळंबी, दोन झाकणं. बोयाखालची हातभर दोरी. तसबिरीकडे तेवढं ती बघत नव्हती. शोगो तिथून तसाच हसत होता, फोटोग्राफरने सांगितल्यावर माणसं हसतात तसा.

हातानाका माशापुढे खाली बसले. मग म्हणाले, "धुवायचं कोण?"

"मी."

"त्याने एकदाही धुतलं नाही?"

"त्याला मासा कापता यायचा नाही."

"हं." त्यांनी बोटाने माशाचा कल्ला सरळ केला. "म्हणजे मला येत होतं."

"काय?"

"मासेमारी. मला येत होती. पहिल्यापासूनच." ते हसले, ते हसणं ऐकण्यापेक्षा त्यांनी कपबशी फोडली असती तर बरं, असं किनुएला वाटलं. "मी म्हणायचो, एखाद्याचा हातच नसतो, त्याला कोण काय करणार. त्यावर बावीस वर्षं काढली ओकुसान, मजेत काढली. आता एकाहत्तराव्या वर्षी हे घेऊन मी जाऊ कुठे?"

"मला माफ करा."

"त्याच्यावर रागवायचं तर तो मेलाय." ते उठले. "सोयीचं आहे त्याचं."

मासा तिथेच राहिला. किनुएने तो कापला, अंडी काढली, खारवली, आणि तिला एक घासही गेला नाही.

दोन दिवसांनी ते पुन्हा आले. स्वतःची सुरी, स्वतःचा पाट, कागदात गुंडाळलेले सहा सान्मा. "तुम्ही फक्त सांगा," म्हणाले. "हात मी लावतो."

ती सांगत गेली. त्यांच्या पट्ट्या वेड्यावाकड्या निघत होत्या. तिचे हात शिवशिवले. तिने ते एप्रनखाली धरून ठेवले, कारण ते हलले की हातानाका सुरी थांबवून त्यांच्याकडे बघायचे.

"मीठ किती?"

"तीन मुठी."

"तुमच्या की माझ्या?"

"माझ्या."

"मूठ दाखवा."

तिने मूठ दाखवली. त्यांनी आपली मूठ शेजारी धरून बघितली. लसूण, कोळंबी, रंग. सगळं झालं.

"आणखी काय?"

"एवढंच."

"नक्की?"

"नक्की हो. एवढंच असतं."

त्यांनी झाकण लावलं. तिने पुढे केलेलं निळं घेतलं नाही, पांढरंही नाही. घरून आणलेलं पिवळं लावलं, आणि आभार न मानता गेले. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मुरायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी वारा फिरला. समुद्रावरून गढूळ पाणी किनाऱ्याला लागलं आणि अख्ख्या रांगेत कोणाचाच बोया बुडाला नाही. मासळी बाजारात सगळे हेच बोलत होते. किनुएने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि घरी येऊन चुलीशी उभी राहिली.

दुपारी दार वाजलं. हातानाका पायरीखाली उभे होते. बुटांना वाळू, हातात रिकामी पिशवी, काखेत पिवळ्या झाकणाचा डबा.

"ओकुसान," ते अगदी शांतपणे म्हणाले, "काय गाळलंत?"

"काही नाही हो," किनुए म्हणाली. "शोगोचं ते हेच."

खरं होतं. आवाज मात्र तोच निघाला, दर शरदात पांढरा डबा देताना निघायचा तो.

हातानाकांनी मान हलवली, ओळखीचं काही ऐकल्यासारखी. डबा पायरीवर ठेवला आणि ते वळले.