भुऱ्याचा आवाज कोनी काढला

गुणवंतरावाचा भुरा म्हंजे असातसा डबा नव्हता बाप्पा. गिटारीचा आवाज मोठा करायचा तो जुना अँप्लिफायर. आत काचेच्या नळ्या, अंगावर भुरं कापड, आन वजनाले एवढा का दोघं उचलत तं तिसरा नुसता बाजूनं कण्हत चाले. बटन दाबलं का नळ्या आधी लाल होत, मंग तापत, तवा कुठी साहेब बोलाले लागे. थंडीत नाटकवाले त्याच्यावर पापड भाजून खात. आन गुणवंतरावानं तार छेडली का जंगलातले रानडुकरं बांधावर लाईनीनं बसून ऐकत, धानाले तोंड नाई लावत. खोटं वाटत असन तं मुलचेऱ्याकडं जाऊन इचारा.

भद्रावतीच्या फॅक्टरीतून रिटायर झाला तवापासून गुणवंतराव देवरावच्या नाटक कंपनीत गिटारीवर बसे. दिवाळी ते होळी घरचं तोंड पाहे नाई. यंदा देवरावनं गडचिरोलीची करिश्मा आनली, कीबोर्ड वाजवाले. पोरीजवळ गिटारही होती, आन टिफिनाएवढी एक डबी.

"याले मॉडेलर म्हंतेत काका," ती म्हने. "दुनियेतले सारे अँप याच्यात. नळी नाई, तापनं नाई, फुटनं नाई."

"दुनियेतले सारे? मंग झाकन लावताना चेंगरले असन बिचारे."

मुलचेऱ्याजवळच्या एका गावात दुपारी सामान लावनं चालू होतं. करिश्मानं भुऱ्यासमोर माईक ठेवला, डबीची वायर जोडली. डबीनं भुऱ्याच्या तोंडून भुईं, चुईं, कर्रर्र असं काईबाई वदवून घेतलं. मंग पोरीनं वायर गुंडाळली.

"काय केलं वं?"

"तुमच्या भुऱ्याचा आवाज घेतला काका. डबीत ठेवला."

गुणवंतराव हसला. लोकं फोटो घेतेत, ही आवाज घेते. घेऊ दे.

पन पुढचा प्रयोग भद्रावतीच्या बाजूले झाला, आन भुरा बोलला तं जसा पत्र्यावर खिळा घासला. कोरडा ठन्न. गुणवंतरावानं नळ्या पुसल्या, वायर बदलली, पाठीवर दोन थापाही देल्ल्या. काई नाई. तिकडं करिश्मानं डबीतून गिटार छेडली, आन डबीतून भुरा बोलून राह्यला! तोच घोगरा, तोच गोड, रडून उठल्यावर मानूस बोलते तसा.

देवरावचे कान टवकारले. "काका, पुढच्या गावी दुपारी दोघंही वाजवून दाखवा. ज्याचा आवाज गोड, गिटारीची खुर्ची त्याची. कीबोर्डाले मी दुसरं मानूस पाहतो. गाडीत हा धोंडा अन् ही डबी, दोन्हीले जागा नाई."

झालं. गुणवंतरावाची झोप उडाली. त्यानं बायकोले, नीलाबाईले फोन लावला.

"माह्या भुऱ्याचा आवाज काढून नेला पोरीनं."

"आन तुमची अक्कल? ते बी डबीत गेली का?"

फोन ठेवला. पन संशय काई ठेवल्या गेला नाई. करिश्मा चाय प्याले उठली का हा डबीले कान लावून बसे. एकदा त्यानं डबी हुंगूनही पाहिली. तापल्या नळीचा वास आला असं त्यानं साऱ्या कंपनीले सांगतलं. भुऱ्यावर कांबळं टाकलं, त्याले लिंबू-मिरची बांधली, आन पोरगी जवळून गेली का भुऱ्याले पाठीशी घालून उभा राहे, जसं पोरीच्या बापानं उभं राहावं.

पुढचं गाव पुन्हा मुलचेऱ्याकडलंच. चारीकडं उन्हाळी धानाची रोवनी. मंडपात येताबरोबर गुणवंतरावानं साऱ्यायसमोर तोंड उघडलं.

"पोरी, माहा आवाज वापस कर."

"काका, आवाज म्हंजे काई विहिरीचं पानी आहे का? मी बादलीभर काढलं अन् तुमची विहीर आटली?"

"मंग आटली काऊन?"

 डोळे भरले तिचे, पन मान ताठ. "चोरीचा आवाज मले नाई पाहिजे. हे पाहा, सारा पुसून टाकून राह्यली मी." तिनं डबीचं बटन दाबलं. डबीनं टुन्न केलं आन भुरा तिच्यातून गेला.

गुणवंतराव धावत भुऱ्यापाशी. नळ्या लाल झाल्या, तापल्या. तार छेडली. ठन्न! तसाच कोरडा. आता आवाज डबीत नाई, भुऱ्यातही नाई.  खुर्ची गेली ते गेली, आन आवाज आपल्याच हातानं मारला.

करिश्मानं डबीतले दुसरे आवाज वाजवले. देवराव तोंड वाकडं करून ऐके. "हे तं दवाखान्यातल्या मशीनसारखं वाटून राह्यलं वं."

तेवढ्यात मंडपातले बल्ब पिवळे पडले. पंखा मरगळला. आन गुणवंतरावाचं बोट सहज तारेवर होतं, तं भुरा बोलला. घोगरा! गोड! दाटल्या गळ्याचा! देवरावच्या अंगावर काटा आला. बाहेर बांधलेली बकरी चारा खानं सोडून मंडपात येऊन बसली म्हंतेत.

"काका, खुर्ची तुमचीच!" देवराव ओरडला.

मंडपवाला पोचू बल्बाकडं पाहून म्हने, "थ्री फेज आली भाऊ. साऱ्या गावानं मोटारी चालू केल्या. आता सहा वाजेपर्यंत लाईट अशीच मरन. मोटारी बंद झाल्या का मंग फुल. नवी डीपी बसली ना, मोठा ट्रान्सफॉर्मर."

गुणवंतरावाचा हात तारेवरच थांबला. पोरीनं आवाज घेतला त्या गावातही दुपारच होती, मोटारी चालूच होत्या. अन् मांगल्या सालात तं दिवस काय, रात्र काय, गावोगावी लाईट मरतुकडीच. भद्रावतीकडं तेवढी लाईट फुल होती. भुरा कमी लाईटवर गोड बोले, भरपूर देल्ली का ठनठने. पोरीनं काई नेलं नव्हतं. आन प्रयोग तं रात्री, मोटारी बंद झाल्यावर! भरल्या मंडपात भुरा पत्र्यासारखा वाजनार, आन खुर्ची तिथंच जानार.

तो करिश्मापाशी गेला. ती पाठमोरी बसून वायर गुंडाळत होती.

"पोरी, डबी घेऊन ये. माईक लाव. भुऱ्याचा आवाज घे."

"आता काऊन? आता कोनता आळ घेता?"

"आळ नाई वं. चूक झाली माही." त्यानं बल्ब दाखवला, मोटारीचं सांगतलं.

पोरगी त्याच्याकडं पाहे, मंग बल्बाकडं, मंग पुन्हा त्याच्याकडं. "यात तुमची चाल काय आहे?"

"चाल हेच का रात्री तुह्या डबीतून मी वाजवन."

"मंग मी?"

"कीबोर्ड तुहाच. आन गिटार... एक अंक तुहा, एक माहा."

"पहिला माहा. आन हे देवरावभाऊसमोर बोला, आताच. मले चोर म्हटलं ते बी चूक झाली म्हना, साऱ्यायसमोर."

गुणवंतराव बोलला, साऱ्यायसमोर, एक शब्द न खाता. देवराव म्हने, डबी गाडीत मांडीवरही मावते, माहं काय जाते? तवा करिश्मानं माईक लावला. भुईं, चुईं, कर्रर्र. गुणवंतराव बल्बावर डोळे लावून, कुठी एखादी मोटार बंद तं नाई पडली.

"झालं काका."

"आला का?"

"आला."

"सारा?"

"सारा."

गुणवंतरावानं हात पुढं केला. "तुहा मोबाईल दाखव. त्याच्यात तं नाई ना थोडा ठेवला?"