साखरेचं किटण

साखर करपवायला अक्कल लागत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बघावं. लाल झाल्यावर लगेच उतरवली तर ती काचेवर मधासारखी दिसते, फार जाळली तर कोळसा होऊन पापुद्र्यांनी गळते. मधली वेळ साधावी लागते. धूर निघाला, डोळे चुरचुरले, की गॅस बंद करायचा, थोडं पाणी आणि चिमूटभर चहाची पूड घालायची, आणि ती काळी चिकट पेज बाटल्या धुवायच्या ब्रशानं हुक्क्याच्या निळ्या भांड्याला आतून फासायची. वाळली की हुबेहूब तंबाखूचं किटण दिसतं. दर रविवारी आप्पा अंघोळीला गेले की मी हा उद्योग करते. शेजारणीला कळलं तर ती मला स्वखर्चानं वेड्यांच्या डॉक्टरकडे नेईल.

आप्पा म्हणजे माझे सासरे. त्यांनी उभा जन्म प्रयोगशाळांसाठी काच फुंकली. चंबू, नळ्या, बीकर, सगळं ज्योतीवर, तोंडानं हवा भरून. आमच्या घरात आजही चहा बीकरमधूनच प्यायला जातो. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, आपल्याला तपासायला आणलंय. पण त्या काचेचा गुण असा, की तिच्यात उकळतं पाणी ओता, ती हूं की चूं करत नाही. त्यामुळे या घरात कुणीच काचेला भीत नाही.

निवृत्त होताना कामावरच्या जोडीदारांनी त्यांना हुक्का दिला. आतली नळी आप्पांनी मागाहून स्वतः ज्योतीवर ओढून घडवली होती, भांडं मात्र बाजारातून आणलेलं, निळ्या रंगीत काचेचं. रोज संध्याकाळी ओढायचा आणि रविवारी स्वच्छ करायचा, हा त्यांचा नेम. स्पिरिट आणि जाडं मीठ आत घालून, तोंडं बंद करून असं हलवायचे की मीठ किटण खरवडून काढायचं. मग कोमट पाणी, मग मऊ फडक्यावर उपडं. तेवढा वेळ गॅस बंद, कारण स्पिरिट ज्योतीची वाटच बघत असतं. हा नियम त्यांनी मला पहिल्याच वर्षी दम देऊन शिकवला.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं, आणि एका दुपारी हुक्क्याचा निखारा गादीवर पडला. आप्पा झोपले होते. नेमक्या वन्सं माहेरी आलेल्या होत्या. त्यांनी जळती गादी हातांनी ओढून बाहेर काढली, तेव्हा त्यांचं उजवं मनगट भाजलं. तो डाग अजून आहे, आणि तो बघितला की माझा त्यांच्याशी भांडायचा उत्साह निम्मा होतो. त्यांनी तेव्हाच बजावलं होतं, की या घरात पुन्हा तंबाखू दिसली तर आप्पांना सरळ वृद्धाश्रमात नेईन. त्यांनी जागाही बघून ठेवली होती. माझा नवरा घाईघाईनं म्हणाला, हुक्का कधीच फेकला. खरं तर हुक्का माळ्यावर होता.

आप्पांनी त्या दिवसापासून तंबाखूला हात लावला नाही. पण हात रिकामे राहिले. ते नळ उघडून ठेवायचे, दारांच्या बिजागऱ्या खोलायचे, माझ्या शिवणयंत्राचं चाक तर त्यांनी दोनदा काढलं. एके दिवशी वैतागून मी माळ्यावरचा हुक्का काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. तास दीड तास माणूस एवढासाही हलला नाही. स्वच्छ केला, उजेडात धरला, जेवला आणि मुलासारखा झोपला. पुढच्या रविवारी पुन्हा दिला तर त्यांनी तो फिरवून बघितला, "हा स्वच्छ आहे, काम नाही," म्हणाले, आणि दिवसभर दाराकडे तोंड करून बसले. ते बसणं मला बघवेना. म्हणून साखर.

कामाला बसवलं की मी बाहेर जाते, भाजी आणते, कपडे वाळत घालते. कुणी मान वाकडी करून बघत राहिलेलं त्यांना चालत नाही. स्पिरिट मी थोडंच, छोट्या बाटलीत देते. ती बाटली संपता संपत नाही. जुन्या माणसांना काटकसर सांगावी लागत नाही असं मला वाटायचं.

त्या रविवारी नवरा कामावर होता. साखर नुकतीच उतरवली होती, भांडं आतून फासून टेबलावर ठेवलं होतं, शेजारी मीठ आणि स्पिरिट, आणि बेल वाजली. दूधवाला असेल म्हणून मी ब्रश हातात घेऊनच दार उघडलं. दारात वन्सं.

वन्सं दुपारी येतात. सकाळी येत नाहीत. मी ब्रश पाठीमागे नेला.

"कसला वास येतोय?" त्या चपला काढायच्या आतच म्हणाल्या. "जिन्यापर्यंत येतोय."

"साखर करपली."

"साखर?" त्या मला बाजूला सारून आत गेल्या. मी मागोमाग धावले, पण स्वयंपाकघर असं किती लांब असणार. टेबलाशी त्या थांबल्या. निळं भांडं आतून काळंकुट्ट, ओलं, चकाकणारं.

वन्सं ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं.

"फेकला होता ना?"

"वन्सं, बसा. मी चहा टाकते." मी आधण चढवलं. हातांना काहीतरी काम हवं होतं. "आप्पा ओढत नाहीत. शपथेवर सांगते. ते फक्त स्वच्छ करतात. मीच त्याला काळं फासते, साखर जाळून, म्हणजे त्यांना काम मिळावं म्हणून."

बोलताना माझं मलाच ऐकू येत होतं. पकडला गेल्यावर चोरानं सांगावी तशी ती गोष्ट होती.

"मला दुधखुळी समजतेस?" वन्सं म्हणाल्या. "मी याच घरात वाढले. किटण काय असतं ते मला शिकवू नकोस. तुम्ही दोघं त्यांना ओढायला देता. कटकट नको, गप्प बसतील, म्हणून. बरोबर ना? आणि पुन्हा निखारा पडला तर? तेव्हा मी इथं असेन?"

"तुमच्या भावाला फोन लावते, त्याला विचारा."

"तो? त्यानंच तर फेकला होता."

खोटं आमचंच होतं, आणि आता तेच आमच्या घशात अडकलं होतं. मी तरी फोन लावला. वाजत राहिला. वन्सं आप्पांच्या खोलीत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग चेनचा. मी दारातून बघितलं तर त्या आप्पांचे सदरे बॅगेत भरत होत्या, घडी न मोडता, एकावर एक. रडत होत्या आणि भरत होत्या.

"वन्सं, त्यांना तिथं नेऊ नका. त्यांना इथलीच भिंत जेमतेम ओळखू येते."

"मला तरी कुठं ओळखतात ते?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मागच्या वेळी मला विचारलं, बाई, तुम्ही कुणाकडे आलात? तेव्हा ओळखीचं मला सांगू नकोस. निदान जळून तरी मरायला नकोत."

मला राग आला होता, आणि त्या चुकत नव्हत्या, त्याचा जास्त राग आला होता. पण आप्पा गेले तर या घरात माझं माणूस कोण उरणार होतं? नवरा चांगला आहे, पण तो कामावर असतो. दिवसभर मी आणि आप्पा. मी बडबडते, ते ऐकतात, दुसऱ्या दिवशी विसरतात, म्हणून मी तेच पुन्हा सांगू शकते. असा श्रोता शोधून सापडत नाही.

"एक करा," मी म्हणाले. "तंबाखूचं किटण नुसत्या पाण्यानं जातं?"

"नाही जात. लहान पोरालाही माहीत आहे."

"आणि साखर?"

वन्सं थांबल्या. हातातला सदरा तसाच ठेवून त्या उठल्या. "चल. बघूच."

आम्ही परत टेबलाशी आलो. आधण उकळत होतं, झाकण थडथडत होतं. वन्संनी पदर कमरेला खोचला, सांडशीनं पातेलं उचललं आणि निळ्या भांड्याच्या तोंडाशी तिरकं धरलं. मला त्यात काही खटकलं नाही. त्यांनाही नाही. या घरात काचेत उकळतं पाणी ओतायला कुणी दोनदा विचार करत नाही.

"थांब!"

आप्पा न्हाणीघरातून कधी बाहेर आले ते कळलंच नाही. केसातून पाणी गळत होतं, बनियन पाठीला चिकटलं होतं. त्यांनी वन्संचं मनगट धरलं, तेच, डाग असलेलं, आणि पातेलं हळूच सरळ केलं. थेंबसुद्धा सांडला नाही. या माणसाचा हात बटण लावताना थरथरतो.

"आधी गॅस बंद," ते मला म्हणाले. "स्पिरिट समोर ठेवून आधण? कुणी शिकवलं?"

मी झटकन बंद केला. बाटली शेगडीपासून हातभरसुद्धा लांब नव्हती, आणि ती मीच तिथं ठेवली होती.

मग ते वन्संकडे वळले. मनगट सोडलं नव्हतं. "आणि तू! रंगीत काच आहे ही, आपल्या बीकरची नव्हे. उकळतं पडलं की उभी तडकेल, आणि ते सगळं पाणी येईल तुझ्या अंगावर. कितीदा सांगितलं, काच कुठली ते आधी बघ. ठिणगे, तुझ्या हातात दम म्हणून नाही!"

वन्संच्या हातातली सांडशी गळाली असती. मी पातेलं घेतलं. ठिणगी हे त्यांचं लहानपणीचं नाव, नाकावरच्या रागापायी आप्पांनीच ठेवलेलं. मी ते फक्त नवऱ्याकडून ऐकलं होतं.

"नाही ओतत, आप्पा," वन्सं अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

"मग सरक."

आप्पा खुर्चीवर बसले. नळाचं पाणी आणि आधणाचं पाणी एका बीकरमध्ये मिसळलं, हाताच्या उलट्या बाजूवर थेंब टाकून बघितलं, मग भांड्यात ओतलं. तळवा तोंडावर ठेवून भांडं गोल गोल फिरवू लागले. स्पिरिटकडे त्यांनी बघितलंही नाही. निळ्या काचेआड तपकिरी पाणी घुसळत होतं, आणि काळं सुटत होतं. कडेनं सुटलं, मग पोटातून. आम्ही दोघी उभ्या होतो.

त्यांनी ते पाणी वाडग्यात ओतलं. भांडं स्वच्छ झालं होतं.

वन्संनी वाडग्यात बोट बुडवलं, हुंगलं, आणि जिभेला लावलं. त्यांचं तोंड कडूजार झालं आणि डोळे भरले.

"साखर," त्या म्हणाल्या.

"साखरच," आप्पा म्हणाले. "जाळलेली. चहाची पूडही आहे."

"आप्पा," मी विचारलं, "तुम्ही स्पिरिट वापरत नाही?"

"साखरेला स्पिरिट कशाला? पाण्यानं जाते."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"आत्ता वास आला, तेव्हा कळलं." त्यांनी भांडं उजेडात धरून फिरवलं. "दर वेळी कळत असेल. आठवत नाही. पण सूनबाई सकाळी उठून, डोळे चुरचुरवून माझ्यासाठी एवढं करते, तर मी एवढं धुऊ नये?"

मी पदरानं डोळे पुसत राहिले आणि धुराला बोल लावला.

वन्सं आत गेल्या. कपाटाचं दार पुन्हा वाजलं. मी बघितलं तर त्या सदरे परत लावत होत्या, जसे होते तसे, पांढरे वर, रंगीत खाली. रिकामी बॅग त्यांनी पलंगाखाली ढकलली.

"पुढच्या वेळी खिडकी उघडी ठेव," त्या म्हणाल्या. "आणि ते स्पिरिट आजच्या आज घराबाहेर. लागत नाही तर ठेवायचं कशाला?"

"हो."

"आणि खोटं बोलू नकोस माझ्याशी. भांड, पण खोटं नको."

"भांडेन," मी म्हणाले. त्यावर त्या हसल्या, नाक पुसत.

आम्ही बाहेर आलो. आप्पा फडकं पसरत होते. त्यांनी मान वर करून वन्संकडे बघितलं, बराच वेळ, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही.

"या बाई कोण?" त्यांनी मला विचारलं.

मी वन्संकडे बघायला धजले नाही. पण त्याच पुढे झाल्या आणि दुसऱ्या खुर्चीवर बसल्या.

"मी पुसायला आलेय," त्या म्हणाल्या. "द्या इकडे."

आप्पांनी भांडं लगेच सोडलं नाही. त्यांचे हात आधी बघितले, मग मनगटावरचा डाग, मग पुन्हा हात. मग दिलं.

"बुडाशी धरा, बाई. गळ्याला नको. आणि आमची ठिणगी आली तर तिच्या हातात देऊ नका, फार धसमुसळी आहे. भाजून घेईल."

"नाही देणार," वन्सं म्हणाल्या, आणि भांडं बुडाशी धरून पुसू लागल्या.