पडद्याआडची नाय पुरिंग

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी काही अक्षरे पुसट झाली आहेत, एक बिजागरी सैल आहे आणि उन्हाळ्यात माझा पंखा धापा टाकतो. माझ्या पडद्याच्या वरच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा कॅमेरा आहे. त्या कणीपायी एका घराची झोप उडाली होती. ते दिवस आठवले की मी आजही आतून तापतो.

माझी जुळणी मलेशियात पेनांगच्या एका कारखान्यात झाली. हातमोजे घातलेल्या मुलींनी माझा एकेक भाग बसवला. शेवटच्या मुलीने कॅमेऱ्यासमोर दोन बोटे हलवली. शेजारचा हिरवा दिवा लागला आणि ती म्हणाली, "चालतोय." कॅमेरा बघत असेल तेव्हा दिवा लागतो, हा जगाचा नियमच असावा असे मला त्या दिवशी वाटले.

तिथून मी जहाजाने फिलिपिन्समधल्या सेबू शहरात आलो. परदेशातल्या हॉटेलांच्या गिऱ्हाइकांचे फोन घेणारी एक कंपनी होती. तिथे मला जोव्हेलिनच्या टेबलावर ठेवले. तिचा आवाज असा होता की भांडायला आलेला माणूस दुसऱ्या वाक्यालाच मवाळ व्हायचा. भिंतीवर उत्तम कर्मचाऱ्यांचे फोटो लावत, त्यात ती बऱ्याचदा असायची. ती मला रोज मऊ फडक्याने पुसायची. माझे ते सुखाचे दिवस होते.

मग कंपनीने तो मजला सोडला आणि सगळ्यांना घरून काम करायला सांगितले. जोव्हेलिनने मला टॉवेलमध्ये गुंडाळले, जीपनी या तिथल्या लहान बसमध्ये मांडीवर घेतले आणि जवळच्या तालिसायला आपल्या घरी नेले. घर म्हणजे एकच खोली. मध्ये फुलाफुलांचा पडदा आणि पडद्याआड तिच्या आईचा पलंग.

आईला सगळी वस्ती नाय पुरिंग म्हणायची; 'नाय' म्हणजे तिथल्या बोलीत आई. तिने उभा जन्म बाजारात मासळी विकली होती. अर्धांगवायूने तिची उजवी बाजू गेली आणि ती पलंगाला खिळली. जेवणाच्या सुट्टीत जोव्हेलिन तिला ओल्या फडक्याने पुसून घ्यायची, पावडर लावायची, पेज भरवायची. खोलीत वारा नसायचा, म्हणून तेवढा वेळ पडदा बाजूला सारलेला असायचा. मी टेबलावर उघडाच असायचो. झाकण मिटले की कंपनीशी जोडणी तुटायची आणि ती गैरहजर धरली जायची.

एके सकाळी माझ्यात एक नवा प्रोग्रॅम आला. लांबलचक करार आणि खाली 'मान्य आहे' हे बटण. ते दाबल्याशिवाय काम सुरू होत नव्हते आणि फोन तर खोळंबले होते. जोव्हेलिनने बटण दाबले. माणूस जागेवर आहे ना हे पाहायला हा प्रोग्रॅम कामाच्या वेळेत फोटो काढणार, असे करारात होते. तो सुट्टीतही फोटो काढत राहणार आणि माझा हिरवा दिवा विझवून ठेवणार, हे मात्र कुठेच नव्हते. माझ्या पोटात काय चालले आहे ते मला कळत होते. पण मित्रांनो, आम्हा यंत्रांना हाक मारता येत नाही.

काही आठवड्यांनी तिचे साहेब, सर रेनांते, माझ्या पडद्यावर बोलायला आले. माणूस वाईट नव्हता, पण वरून आलेले खाली ढकलायची त्याला सवय होती.

"जोव्हे, तुझ्या नावावर एक शेरा आलाय. कामाच्या जागी दुसरी व्यक्ती दिसते. अपुऱ्या कपड्यांत. नियमात बसत नाही गं हे."

"कोण व्यक्ती, सर?"

त्यांनी फोटो पाठवला. जोव्हेलिनने तो मोठा करून पाहिला.

"सर, ही माझी आई आहे."

"ते मला कळतंय, पण..."

"मी तिला पुसून घेतेय यात. म्हणजे ही जेवणाची सुट्टी आहे. सुट्टीत कॅमेरा चालू कसा? दिवा तर बंद असतो."

"ते मला विचारू नकोस. पलंग हलव, पडदा लाव, विषय संपव."

"हा फोटो किती जणांनी बघितला, सर?"

सर रेनांते दुसरीकडे पाहू लागले आणि मग पडद्यावरून गेलेच.

"कोण होता गं?" पलंगावरून नाय पुरिंगने विचारले.

"कोणी नाही, नाय. उजेड जास्त येतो म्हणे. पडदा लावायला सांगतायत."

तिने पडदा लावला. मग आईच्या औषधांच्या डब्यातून चिकटपट्टी काढली, तुकडा फाडला आणि माझ्या कॅमेऱ्यावर दाबून बसवला. मला अंधार झाला आणि मी सुटलो असे वाटले. पण दुसऱ्याच दिवशी कंपनीची नोटीस आली. कॅमेरा झाकणे म्हणजे कंपनीच्या मालमत्तेशी छेडछाड, चौकशी होईपर्यंत कामावरून दूर.

जोव्हेलिनने जुनरेला बोलावले. तो कंपनीतच यंत्रे दुरुस्त करायचा आणि तिला थोरल्या बहिणीसारखा मानायचा. तिथे थोरल्या बहिणीला 'आते' आणि धाकट्या भावाला 'दोंग' म्हणतात. तो मोटरसायकलवरून आला, येताना गरम पाव घेऊन आला, आणि माझ्यासमोर बसला. थोड्या वेळाने त्याचा घास तोंडातच राहिला.

"आते, सुट्टीतले फोटो आहेत. सगळेच आहेत. आणि दिवा मुद्दाम बंद केलाय."

"जातात कुठे हे फोटो?"

माझ्यातून फोटो ज्या पत्त्यावर जात होते, तो पत्ता त्याने टाकला. पासवर्ड कुणी विचारलाच नाही. सरळ फोटोच उघडले. कुणाची झोपलेली मुले, कुणी भांडत होते, एक म्हातारा देवासमोर गुडघे टेकून बसला होता. जुनरेने घाईघाईने सगळे बंद केले.

"कुलूपच नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "रस्त्यावरचा कुणीही बघू शकतो."

"मग कंपनीला सांग ना, दोंग. आत्ताच सांग."

"सांगितलं की पहिला प्रश्न येईल, तुला कसं कळलं? करारात लिहिलंय, प्रोग्रॅमच्या आत डोकवायचं नाही. परवानगी नसताना दुसऱ्याच्या यंत्रातलं उघडलं तर गुन्हा. वकील लावून मलाच आत टाकतील."

"दार उघडं राहिलंय म्हणून सांगणारा चोर कसा?"

"तू म्हणतेस ते खरं आहे. पण माझं बाळ येत्या महिन्यात येतंय, आते."

जोव्हेलिनने त्याला गळ घातली नाही. उरलेले पाव तिने त्याच्या हाती दिले. तो दारापर्यंत गेला, मोटरसायकल चालू केली, बंद केली आणि परत आला.

"त्या फोटोंत दुसऱ्यांची पोरं आहेत," तो म्हणाला. "मी आज कंपनीला लिहून कळवतो. माझ्या नावानं. तू कामगार कार्यालयात जा. आणि हा लॅपटॉप कुणाच्या हाती देऊ नकोस. एकदा आतलं सगळं पुसलं की आपण खोटे ठरू."

त्याने कळवले. कंपनीने आभार मानले नाहीत. त्या पत्त्यावर गुपचूप कुलूप पडले आणि दुसऱ्या दिवशी बोळाच्या तोंडाशी एक पांढरी व्हॅन उभी राहिली. दोन आडदांड माणसे दारात आली.

"मॅडम, कंपनीची वस्तू आहे. न्यायला आलोय."

"देते. पण वस्तीच्या कापितानासमोर देईन."

"आम्हाला वेळ नाही." एकाने आत पाऊल टाकले आणि माझ्या झाकणावर हात ठेवला. जोव्हेलिनने दुसऱ्या बाजूने मला धरले. माझी सैल बिजागरी करकरली. आता माझे दोन तुकडे होणार असे मला वाटले.

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला. आजारपणानंतर तो आवाज कुणी ऐकलाच नव्हता. मासळी बाजाराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा तो आवाज होता. "अगं लुर्देस, अगं पासिंग, बाहेर या. माझ्या घरात परके पुरुष शिरलेत."

बायका आल्या. हातातली लाटणी, झाडू, कडेवरची पोरे घेऊनच आल्या. बोळ भरला. मागून छत्री धरून, चपला फटफटवत कापिताना सोलेदाद आली. ती वस्तीची प्रमुख, तिथली सगळी भांडणे तीच मिटवायची.

तिने आधी त्या दोघांकडे पाहिले, मग माझ्याकडे. "एवढ्याशा यंत्राला दोन गडी? फार जड आहे वाटतं."

एक बाई फिदीफिदी हसली. माणसाने माझ्या झाकणावरचा हात काढला.

"वस्तू कंपनीची, भांडण दोघांचं," कापिताना म्हणाली. "निकाल लागेपर्यंत माझ्या कचेरीत राहील. पिशवीत घाला, सील करा, सगळे सह्या करा. तुम्हीही करा, दादा. साहेबांना सांगा, सोलेदादनं ठेवून घेतलाय."

असा मी वस्तीच्या कचेरीतल्या लोखंडी कपाटात गेलो. पुन्हा उजेड दिसला तो कामगार कार्यालयातल्या सुनावणीच्या खोलीत. सील कापणाऱ्या अधिकारी बाई शांत स्वभावाच्या होत्या. एका बाजूला कंपनीचा वकील आणि सर रेनांते बसले होते. दुसऱ्या बाजूला जोव्हेलिन, जुनरे आणि चाकाच्या खुर्चीत नाय पुरिंग. सुनावणीच्या आधी मुलीने तिला सगळे सांगितले होते.

वकील म्हणाला, "प्रोग्रॅमचा मालक वेगळा आहे. तो उघडणं हा करारभंग आहे. त्यातून मिळालेलं इथं बघूच नये. आणि कर्मचाऱ्यानं फोटोला संमती दिलेली आहे."

"संमती मुलीनं दिली," अधिकारी बाई म्हणाल्या. "तिच्या आईनं कुठं दिली? आणि हे फोटो ज्या यंत्रात सापडले, ते कंपनीनंच तिच्या घरी ठेवलं होतं." मग त्या जोव्हेलिनकडे वळल्या. "सुट्टीतला एक तरी फोटो मला बघावा लागेल. तरच लिहिता येईल. दाखवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा."

जोव्हेलिनने हात पुढे केला. फोटो एका बोटाच्या अंतरावर होता. तिचा हात तिथेच थांबला.

"नको," ती म्हणाली. "पुन्हा नको. हरले तरी चालेल मला."

जुनरेने मान खाली घातली. वकिलाने कागद गोळा करायला सुरुवात केली.

"दाखव गं," नाय पुरिंग म्हणाली.

"नाय, इथं सगळी परकी माणसं आहेत."

"मला दिसतायत. तेव्हा मला न विचारता बघितलं. आज मी स्वतः दाखवतेय." तिने डावा हात उचलून सर रेनांतेंकडे बोट केले. "त्यांना पुढं बसू दे."

फोटो उघडला. मी तो माझ्या सगळ्या उजेडानिशी दाखवला. सर रेनांतेंनी क्षणभर पाहिले आणि नजर खाली वळवली.

"खाली नका बघू, साहेब," नाय पुरिंग म्हणाली. तिचा आवाज आज चढलेला नव्हता. "काय दिसतंय, सांगा."

"तुमची मुलगी... मुलगी तुम्हाला पुसून घेतेय."

"मग शेरा काय लिहिलात?"

अधिकारी बाईंनी फोटो बंद करायला सांगितला आणि वकिलाला म्हणाल्या, "तुमच्या कंपनीशी मला आता वेगळं बोलायचंय."

अधिकारी बाईंच्या निकालानंतर जोव्हेलिनला कामावर परत घेतले गेले. सगळ्यांच्या यंत्रांतून तो प्रोग्रॅम काढावा लागला. ज्यांचे फोटो उघड्यावर पडले होते, त्यांना तसे कळवावे लागले. जुनरेवर खटला झाला नाही, पण त्याच्या नोकरीच्या कराराची मुदत संपली तेव्हा कंपनीने ती वाढवली नाही. आता तो बाजाराजवळ मोबाइल दुरुस्त करतो आणि पोरीला शेजारच्या खोक्यावर निजवतो. खरे बोलल्याचे त्याला काय मिळाले, असे कुणी विचारले तर माझ्याकडेही उत्तर नाही.

मी जुना झालो म्हणून कंपनीने मला टाकून दिले. जुनरेने नाय पुरिंगच्या देखत माझ्यातला एकेक फोटो पुसला. आता मी कापितानाच्या कचेरीत असतो आणि वस्तीतली मुले माझ्यावर अक्षरे शिकतात.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसलीत तर बरे वाटेल, पण त्यासाठी मी हे सांगितले नाही. तुमच्या दाराला कुलूप नाही असे कुणी सांगत आले, तर आधी कुलूप लावा. त्याचे मनगट धरू नका. आणि कुणाचाही फोटो काढण्याआधी त्या माणसाला विचारा. तो पलंगावरून उठू शकत नसेल, त्याला नीट बोलता येत नसेल, तरी विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.